कोरी तार

बाटलीवरची चिठ्ठी विनायकराव मास्तरांनी कधीच खरी मानली नाही. "चिठ्ठी म्हणजे ऐकीव माहिती," असे म्हणून ते आतले द्रव्य पुन्हा तपासत. ठाण्याच्या खाडीवरून मीठ आणणारी ठकूबाईही त्यातून सुटत नसे. "मीठ खारटच हाय, मास्तर! रोज काय चाखून बघता?" ती हसे. मास्तर चाखतच.

मुंबईच्या एका रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या पडवीत प्रयोगशाळा थाटली होती. मला मुंबईच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकायचे होते. त्यासाठी त्यांचे शिफारसपत्र हवे होते. त्यांची अट एकच: सँडमायरची अभिक्रिया त्यांच्या डोळ्यांदेखत करायची आणि ॲनिलीनपासून क्लोरोबेन्झीन मिळवायचे. तिला बर्फाइतका थंडावा लागतो, आणि बर्फ मुंबईहून भुशात बांधून आगगाडीने येई, तोवर निम्मा वितळलेला. मुलीला नकार देता यावा म्हणूनच ही परीक्षा निवडली असावी, असा मला संशय आला.

उरलेल्या बर्फात ठकूबाईचे मीठ मिसळून मी थंडावा टिकवला. शेवटी पात्राच्या तळाशी जड तेल उतरले. त्यात बुडवलेली तांब्याची तार ज्योतीत धरताच ज्योत हिरवी झाली. क्लोरीनची खूण!

"मास्तर, साधले!"

"तार आधी कोरी जाळून पाहिली होतीस?"

नव्हती. मेजावरची दुसरी, तेलाला न लागलेली तार त्यांनी ज्योतीत धरली. तीही हिरवी! अभिक्रियेसाठी घेतलेले तांब्याचे क्लोराइड मेजावर सांडून दोन्ही तारांना चिकटले होते.

"मग मघाची ज्योत कोणाची? तुझ्या तेलाची की मेजाची?"

"तुम्हांला मला पाठवायचेच नाही," मी संतापून म्हणाले.

"असेल. तेही तपासून बघ."

पुढच्या आठवड्यात पुन्हा बर्फ मागवला. या खेपेस तेल क्षाराने, मग पाण्याने धुतले; तार ज्योतीतला रंग जाईपर्यंत जाळली आणि मगच बुडवली. हिरवी ज्योत उमटली. मास्तरांनी तीनदा पडताळा घेतला आणि ते आत निघून गेले.

निघायच्या दिवशी त्यांनी पत्र दिले, पाकीट उघडेच. "बंद पाकीट नेऊ नये. मी आत काय लिहिले, तुला काय ठाऊक?"

मी तिथेच वाचले: "या मुलीच्या कामावर मला सुचल्या तेवढ्या शंका घेतल्या. आता एकही उरलेली नाही."

पाकिटात पत्राखाली तांब्याची एक तार गुंडाळून ठेवली होती. महाविद्यालयातल्या पहिल्याच दिवशी मी ती कोरी ज्योतीत धरली. मास्तरांनी दिलेली होती, तरीही.