फोटोसाठी पसरलेला पदर

"ए मढ, टी-शर्ट उतार और ये साडी पहन ले. फोटो के लिए चाहिए."

शर्ली आंटीने साडी दोन बोटांत धरून माझ्यापुढे केली. अंधेरीहून आम्ही जुन्या कपड्यांची पोती आणली होती, त्यातली ही सगळ्यांत विटकी. मुद्दाम शोधून काढलेली. मी पत्रे उडालेल्या शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. अंगात निळा टी-शर्ट, पाठीवर पांढऱ्या अक्षरांत 'सेवा'. तसाच टी-शर्ट आंटीच्याही अंगात होता. तो काढायला तिला कुणी सांगणार नव्हतं.

मढ हे माझं नाव नाही. ते माझं गाव. तिथल्या कोळीवाड्यात माझा जन्म. तीन दिवस मी त्या ग्रुपबरोबर होते, कुणी नाव विचारलं नाही. मढ, पाणी आण. मढ, पोती उतरव. पहिल्या दिवशी वाटेतल्या बाजारातून सुरमई घेतली. बाकीचे प्रार्थनेला बसले आणि मासा माझ्यापुढे आला. तेरे को तो आता है ना? येतं. मुकाट्याने साफ केली.

ग्रुप अंधेरीतल्या एका मोठ्या चर्चचा, शर्ली आंटी त्याची प्रमुख. मी हिंदू. मला तिथे नेलं ग्लेनिसने. ती आमच्या शेजारच्या ख्रिस्ती वाडीतली, पहिलीपासून माझ्या बाकावर बसलेली. चक्रीवादळ आलं तेव्हा मढला चार पत्रे उडाले, एक होडी उलटली, तेवढ्यावर निभावलं. खाली रायगडच्या किनाऱ्यावर मात्र गावंच्या गावं आडवी झाली. ग्लेनिस म्हणाली, "चल ना यार, तेवढेच हात लागतील." मी मालाडला एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते. भांडून रजा घेतली. समुद्रावर पोट असलेली माणसं तिथे उघड्यावर पडली होती. ती माझी माणसं. मला कुणी बोलवायची गरजच नव्हती.

आता साडीची गोष्ट.

त्या दिवशी तांदूळ वाटायचा होता. पोती रचलेली, बाया सकाळपासून रांगेत. आंटीला आधी फोटो हवा होता. पुढच्या गाडीचं सामान देणाऱ्यांना दाखवायला. फोटो कसा, तेही तिने ठरवलं होतं. बाईने खाली बसायचं, पदर दोन्ही हातांनी पसरायचा, वरून आंटी तांदूळ ओतणार. रांगेत सगळ्यांत पुढे जनाबाई. साठीची कोळीण. घर गेलेलं, होडीचे दोन तुकडे झालेले. तिला आंटी म्हणाली, "पदर पसारो."

जनाबाई म्हणाली, "पिशवी हाय माज्याकडं. पिशवीत घाला."

आंटीला वाटलं हिला समजलं नाही. तिने स्वतःची ओढणी पसरून दाखवली. रांगेतल्या बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. मग दुसरी म्हणाली, पिशवीत घाला. तिसरीही तेच म्हणाली. एकही बाई पुढे आली नाही.

आंटीला खरंच कळलं नव्हतं, हे मी आजही मानते. तिच्या लेखी पदर म्हणजे कापड. आमच्यात पदर पसरायचा तो एकवीरा आईपुढे. माणसापुढे नाही. माझ्या आयने उभ्या जन्मात एकदा पसरला. बाबाची होडी तीन दिवस परतली नव्हती तेव्हा. चौथ्या दिवशी होडी आली आणि आयने पदर कमरेला खोचला, तो खोचलेलाच. बाबा पुढे दारूने गेला, घरात चूल पेटेना, तरी ती कुणाच्या दारात पदर पसरून गेली नाही. पाटी घेऊन गेली. मासे घ्या, नाहीतर राहू दे.

हे सगळं मला ठाऊक होतं. तोंड उघडून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

"फोटो होईपर्यंत वाटप बंद," आंटी म्हणाली. मग तिची नजर माझ्यावर आली. वरपासून खालपर्यंत. "तू तो हमारी फिशवाली की बेटी है ना? तेरा फेस एकदम राइट है."

तेव्हा तिने साडी पुढे केली. मी टी-शर्ट काढला. वर्गाच्या कोपऱ्यात, फळ्याकडे तोंड करून ती साडी नेसले. बाहेर येऊन मातीत बसले आणि पदर पसरला. "और नीचे देख. थोडा सॅड." मी खाली बघितलं. फोटो ग्लेनिसने काढला. तांदूळ ओतताना आंटी हसत होती, ते फोटोत फार छान आलंय.

मी मनाला सांगितलं, बाया उन्हात उभ्या आहेत, तांदूळ तरी सुरू होईल. झूठ. मला ग्रुपवाल्यांच्यात बसायचं होतं. निदान परतीच्या गाडीत तरी आंटी मला माझ्या नावाने हाक मारेल, एवढीच माझी लालूच. लिहायलाही लाज वाटते.

जनाबाईने पिशवीत तांदूळ घेतला. जाताना माझ्यापाशी थांबली.

"तू आमच्यातलीच ना गो? मग आमच्या नावानं कशाला बसलीस?"

ती गेली. परतीच्या गाडीत आंटी म्हणाली, "मढ, वो पानी की बॉटल पास कर."

पंधरा दिवस गेले. माझी आय अंधेरीत त्याच चर्चच्या गल्लीत मासे विकते. वीस वर्षं तीच जागा, तीच गिऱ्हाइकं. शाळेच्या सुट्टीत मी तिच्याशेजारी बसायचे, म्हणून मलाही त्या चेहऱ्याने ओळखतात. त्या दिवशी ती घरी आली आणि पाटी उतरवून ओट्यावर बसून राहिली. मी पाणी दिलं. तिने घेतलं नाही.

"आज एका बाईनं घासाघीस नाय केली," ती म्हणाली.

मासे विकणाऱ्या बाईला याचा अर्थ समजतो. ज्या बाया कोलंबीच्या एकेका वाट्यावरून वीस वर्षं आयशी भांडल्या, एक बोंबील वर टाक म्हणून हटून बसल्या, त्या सगळ्या त्या दिवशी सांगितला तो भाव देऊन मुकाट निघून गेल्या. एकीने जुन्या चादरी दिल्या. एकीने कालचा पुलाव. एक आयच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, गॉड ब्लेस यू. आयला वाटलं कुणी मेलं की काय. मग वॉचमनने तिला चर्चच्या गेटवर नेलं आणि वर बोट दाखवलं.

गेटभर फ्लेक्स. त्यावर मी. खाली मान, पसरलेला पदर. आयला वाचता येत नाही, वॉचमनने वाचून दाखवलं. 'हिने सर्वस्व गमावलं. तुम्ही काय द्याल?'

"कोनापुढं पसरलास गो?" आयने विचारलं.

मी सांगितलं, फोटोपुरता. ती उठली. मारलं असतं तर बरं झालं असतं. चादरी तिने उकिरड्यावर टाकल्या. पुलाव कुत्र्यांना घातला. दुसऱ्या दिवशी पाटी उचललीच नाही. तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, एवढंच म्हणाली. वीस वर्षांत ताप अंगात असतानाही तिने पाटी चुकवली नव्हती.

त्याच आठवड्यात आंटीचा फोन आला. रविवारी हॉलमध्ये कार्यक्रम आहे, देणगीदार येणार आहेत. "तू साक्ष देना. दो मिनिट. वही साडी पहन के आ. रोना आया तो रो लेना." साक्ष हा त्यांच्या प्रार्थनेतला शब्द. देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांसमोर उभं राहून सांगायचं. आमच्याकडे साक्ष कोर्टात देतात. खरं सांगेन, खोटं सांगणार नाही, असं म्हणून.

मी हो म्हटलं.

रविवारी निळा टी-शर्ट घालून गेले. दारातच आंटीचा चेहरा पडला. "साडी किधर है?" मी न थांबता पुढे गेले आणि माइक हातात घेतला. हॉल भरलेला. पंखे, फुलं, पहिल्या रांगेत ग्लेनिस कॅमेरा घेऊन.

मी म्हटलं, "गेटवरच्या फोटोतली बाई मी आहे. माझं घर वादळात गेलेलं नाही. मी तुमच्या गाडीतून गेले होते, पोती उचलायला. ज्यांचं गेलं त्यांनी पदर पसरायला नकार दिला, म्हणून मला साडी नेसवून बसवलं. तांदूळ तोवर अडवून ठेवला होता. फोटो खोटा आहे. मी बसले, ही माझी चूक. माझी आय तुमच्याच गल्लीत मासे विकते. तिने काही गमावलेलं नव्हतं. ते तुम्ही..."

माइक बंद झाला. मागे कुणीतरी सवयीने टाळ्या वाजवल्या आणि मग त्याही थांबल्या. आंटीने पियानोवाल्याला खूण केली. गाणं सुरू झालं. ती माझा दंड धरून मला बाहेर घेऊन आली.

"इतना किया तुम लोगों के लिए," ती म्हणाली. "तुम लोगों को इज्जत रास नहीं आती."

"आंटी, माझं नाव काय?" मी विचारलं.

तिने माझा दंड सोडला. तिला खरंच माहीत नव्हतं.

मी गेटवर चढले. फ्लेक्सच्या चारही दोऱ्या सोडल्या. वॉचमन बघत होता, आडवा आला नाही. ग्लेनिस मागून धावत आली. मला वाटलं मदतीला. म्हणाली, "माझी वाट लावलीस तू. आता मला कोण घेणार ग्रुपमध्ये?" तेव्हापासून आम्ही बोलत नाही.

त्या आठवड्यात गल्लीतल्या तीन बिल्डिंगांनी आयला गेटबंदी केली. कारण सांगितलं, वास येतो. वीस वर्षं आला नव्हता. आयने मला शाबासकी दिली नाही. माफही केलेलं नाही. मी घरी आणलेला तो फ्लेक्स तिने अंगणात उलटा अंथरला, माझं तोंड जमिनीकडे, आणि त्यावर जवळा वाळत घातला.

आठवड्यातून दोन दिवस दवाखान्याची दुपारची पाळी असते. त्या दिवशी सकाळी पाटी मी उचलते. त्याच गल्लीत, बिल्डिंगांच्या गेटांबाहेर, रस्त्यावर बसते. रस्ता कुणाच्या बापाचा नाही. फारशी गिऱ्हाइकं येत नाहीत. एक बाई परवा आली, सांगितला तो भाव देऊन निघाली. मी तिला परत बोलावलं. म्हटलं, आधी घासाघीस करा, मगच मासे मिळतील. ती चिडली. भांडली. मासे घेऊन गेली.

वादळ पुन्हा येईल. किनारा आहे, येणारच. तेव्हा मी जनाबाईच्या गावी जाणार, स्वतःच्या पायाने, स्वतःच्या नावाने. आधी तिच्यापुढे उभी राहून माझी चूक कबूल करणार. मग पोती उचलणार. आणि तिथे कुणी एखाद्या बाईला पदर पसर म्हणालं, तर या वेळी मी गप्प बसणार नाही. त्याचा हात तिथेच धरणार.