मेलचोराच्या चुलीजवळचा सैतान

मेलचोरा हसायला लागली की आधी नाकातून फुरफुरायची, तहानलेल्या खेचरागत, आणि मग तोंडावर ओढणी दाबून धरायची. मठात मोठ्यानं हसलं की शिक्षा होती. आता या वामांगा शहरात घरोघरी तिची तसबीर लागलीय. त्यात ती मान वाकडी करून, डोळे आढ्याला लावून उभी आहे आणि हातात पांढरं फूल आहे. मेलचोराच्या हातात मी जन्मात फूल बघितलं नाही. पाकाचा झारा बघितला, जळकं लाकूड बघितलं, आणि पुढं पुढं लेखणी बघितली.

मी इलारिया, वर डोंगरातली. सरपणाच्या मोळ्या घेऊन मठाच्या मागल्या दाराला यायचे. एका साली गावात देवी आल्या, घरात माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. तवा मोळीसकट आत शिरले ती आतच राहिले.

सांता रुफिनाच्या मठात बायकांच्या दोन जाती. ज्यांच्या बापांनी भरभक्कम हुंडा दिला त्या काळ्या ओढणीच्या. त्या देवाच्या लग्नाच्या बायका, गाणी म्हणायच्या आणि चॉकलेट प्यायच्या. ज्यांचा हुंडा तोकडा त्या पांढऱ्या ओढणीच्या. त्याही देवाच्याच बायका, पण चुलीकडच्या. आणि बिनओढणीच्या आम्ही, पाणी भरणाऱ्या, राख काढणाऱ्या. आमचं देवाशी नातं काय ते कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

मेलचोरा पांढऱ्या ओढणीची. बाप थडग्यांचे दगड कोरायचा आणि त्याला वाचता येत नव्हतं. पोरीनं कोळशानं अक्षरं काढून द्यायची, त्यानं त्यावर छिन्नी चालवायची. एकदा पोरीला ताप होता, त्यानं आपल्याच अंदाजानं एका सावकाराचं नाव उलटं कोरलं आणि मार खाल्ला. म्हणून मेलचोराचं अक्षर गावात सगळ्यात सरळ. मठात आल्यावर तिला मिठाईच्या चुलीवर बसवलं. अक्षराचा तिथं काय उपयोग? पाकाची तार बघायला अक्षर लागत नाही.

मदर लिओनोर काळ्या ओढणीच्या, खाणवाल्याची लेक. त्यांच्या हुंड्यात बिछाना आला, चांदीची भांडी आली आणि पास्क्वाला आली. पास्क्वाला विकत घेतलेली काळी पोर, खाली समुद्राकाठच्या लिमा शहरातून खेचरावर बसून आलेली. बाईसाहेबांच्या दाराशी फरशीवर निजायची. चॉकलेटला फेस कमी आला की तिला पहाटे अनवाणी कारंज्यापाशी उभं करायच्या. वामांग्यात पहाटे कारंज्याच्या काठाला बर्फाची साय धरते. लिमाची पोर ती, तिला हा गारठा कुठला माहीत? पहिल्याच हिवाळ्यात छातीत खोकला बसला तो बसलाच.

खोकला अनावर झाला की ती गुपचूप मेलचोराच्या चुलीपाशी यायची. हंडीच्या बुडाची मक्याची खरवड तिला फार आवडायची. मेलचोरा तिच्यासाठी मुद्दाम हंडी जरा लागू द्यायची.

"आज जेवलीस का गं?" मेलचोरा विचारायची.

"आज आमच्या बाईसायबांनी देवासाठी उपास धरलाय," पास्क्वाला म्हणायची, "म्हून मला बी जेवाय न्हाई. सर्गात जागा त्यांना मिळणार, भूक मातर माझी."

मग मेलचोरा फुरफुरायची आणि आम्ही तिघीही तोंडं दाबून धरायचो.

मदर लिओनोरना हे कळलंच. एके दिवशी दारात उभ्या राहिल्या. "मेलचोरा, माझी कार्टी तुझ्याकडे शेकत बसते म्हणे? माझ्या पैशानं घेतलेलं हाड तू कशाला ऊब देऊन नासवतेस?"

"बाई, ती खोकून मरंल."

"मरेल तर माझं नुकसान होईल. तुझं काय जातं?"

त्या रात्रीपासून पास्क्वालाच्या पायात साखळी आली.

आता हे सांगायचं कुणाला? मठातून बाहेर जाणारी प्रत्येक चिठ्ठी मठाच्या आईसाहेब फोडून वाचायच्या, आणि आईसाहेब म्हणजे लिओनोरच्या सख्ख्या मावशी. बिशपसाहेब वर्षातून एकदा यायचे, तेव्हा बोलायचा मान काळ्या ओढण्यांना. चुलीकडच्यांनी गुडघे टेकायचे आणि उठायचं.

त्याच सुमाराला पाद्री ओर्दुन्या कबुलीजबाब ऐकायला आले. तोंडानं गोड, हात मऊ, आणि डोक्यात एकच किडा. लिमाला स्वतःची संत मिळाली होती. दुसऱ्या एका गावच्या पाद्रीनं आपल्या मठातल्या बाईचं चरित्र छापून नाव कमावलं होतं. वामांगा मात्र कोरडाच. मेलचोरा भोळेपणानं कबुलीच्या जाळीतून बोलून गेली की पाक ढवळताना मी देवाशी भांडते.

"भांडतेस? मग देव काय म्हणतो?"

"काय बी म्हणत न्हाई, बाबा. म्हून तर भांडते."

पाद्रीला तेवढं पुरलं. त्यानं हुकूम दिला: आज्ञा पाळायची शपथ घेतलीयस, तर तुझ्या आत्म्यात जे घडतं ते सगळं लिहून काढ आणि लाखेनं बंद करून मला दे. आईसाहेबांनीसुद्धा उघडायचं नाही.

मेलचोरा चुलीवर आली ती फुललेल्या तोंडानं. "इलारिया, कळ्ळं का तुला? ह्यो कागद बंद जाणार. मावशी वाचणार न्हाई. सरळ पाद्रीच्या हातात, तितनं बिशपाच्या कानात. पोरगी सुटती बघ."

"पन त्यानं आत्म्याचं लिवाय सांगितलंय."

"मग? माझ्या आत्म्यात दुसरं काय हाय? तिचा खोकलाच हाय सारा."

तिनं लिहिलं. तो पहिला कागद तिनं मला वाचून दाखवला. वर देवाचं नाव, खाली थेट मुद्दा. पास्क्वाला नावाची मुलगी अमक्या खोलीत आहे, तिला पहाटे बर्फात उभं करतात, पायात साखळी आहे, छातीतून रक्त येतं. तिला त्या खोलीतून काढून स्वयंपाकघराला द्यावं, तिचं काम मी करीन आणि माझंही करीन. बिशपसाहेबांच्या पायाशी ही विनंती. कुठं नटवणं नाही, कुठं रडणं नाही. थडग्यावर कोरावं तसं.

आठवडाभरानं पाद्रीनं तिला भेटीच्या खोलीत बोलावलं. तिथं जाळीपाशी एकटीनं बोलायची रीत नाही, ऐकणारी एक बाई मागं बसावी लागते. ती मी बसले.

"बाई," पाद्री म्हणाला, "मी तुला आत्म्याचं लिहायला सांगितलं. तू मोलकरणींची भांडणं लिहिलीस."

"भांडण न्हाई, बाबा. पोर मरायला लागलीया."

"थोरांचे दोष दिसायला लागले की समजावं, सैतान जवळ आला. तो डोळ्यांपुढं चित्रं उभी करतो. दयेचं सोंग आणतो."

"सैतानाला खोकला येतो का, बाबा?"

मी मागं बसून ओठ चावले. पाद्री चिडला नाही. उलट त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं, बाजारात कुणाला हवी ती वस्तू स्वस्तात दिसावी तसं.

"तो पुष्कळ रूपं घेतो," तो सावकाश म्हणाला. "लिहीत जा. ही मुलगी तुझ्याकडे केव्हा येते, काय मागते, तुझी प्रार्थना कशी मोडते, सगळं लिही. काही गाळू नकोस."

बाहेर आल्यावर मेलचोरानं माझा दंड धरला. "बगितलंस? पुरावा मागतोय. एका कागदावर बिशप हलंल व्हय? लई कागद लागत्यात."

मला ते पटलं. मला वाचता येत नव्हतं, तिला येत होतं, आणि दोघींनाही एवढंच ठाऊक होतं की मोठ्या माणसानं लिही म्हटलं तर ते वाचून काही करायलाच. मग ती लिहीत सुटली. पाक उकळत असताना गुडघ्यावर फळी ठेवून लिहायची. आज आली, साखळी लपवत आली. आज खरवड मागितली. आज तिच्या खोकल्यानं माझी जपमाळ अर्ध्यात राहिली. पाद्री कागद न्यायचा, मान हलवायचा, नवे कोरे कागद द्यायचा. नाही म्हणत नाही म्हणजे बिशपाकडं जातंय, असं आम्ही धरून चाललो. पास्क्वालालाही सांगून ठेवलं.

"माझं नाव लिवलंया?" तिनं विचारलं.

"पानापानावर."

"बिशपसायब वाचणार माझं नाव?" ती हसली आणि त्या हसण्याचाच खोकला झाला. "मग एक लिवा, की मला हितली हवा सोसत न्हाई. लिमाला पाठवा म्हनावं."

मेलचोरानं तेही लिहिलं.

हिवाळ्यातल्या एका पहाटे पास्क्वाला कारंज्यापाशी पडली ती उठली नाही. मी घागर घेऊन गेले होते. केसांना बर्फ धरला होता. मदर लिओनोर आल्या, बघितलं, आणि साखळी काढून घ्यायला सांगितलं. लोखंड महाग होतं. भाजीच्या वाफ्यांपलीकडं खड्डा काढला. घंटा वाजली नाही. महिन्याभरात लिओनोरच्या भावानं दुसरी पोर विकत घेऊन पाठवली.

मेलचोरा त्या दिवशीही लिहायला बसली. तिनं मला वाचून दाखवलं नाही. पुढल्या भेटीत तिनं कागद जाळीतून दिला आणि म्हणाली, "बाबा, बिशपसायबांना आता घाई न्हाई म्हनावं."

पाद्रीनं कागद उघडून तिथंच वाचला. "उत्तम," म्हणाला. "हाच शेवट हवा होता. म्हणजे आता ती छाया चुलीपाशी येत नाही?"

मेलचोरानं त्याच्याकडं बघितलं. तिला तेव्हा सगळं उमगलं असणार. मला मात्र पुढं कितीतरी वर्षांनी कळलं. "न्हाई येत," ती म्हणाली, आणि उठली.

त्यानंतर तिनं लेखणी धरली नाही. पाद्रीनं आज्ञा मोडल्याबद्दल तिला शिक्षा लावली: जमिनीवर बसून पाणी-भाकर. तिनं ती खाल्ली. बोलणंही टाकलं होतं. पिठात बोट फिरवून मला मात्र अक्षरं शिकवायची, आणि पुसून टाकायची. काही वर्षांनी तापानं गेली. पाद्री हजर. अंग गार व्हायच्या आधी त्यानं कात्री मागवली, तिच्या झग्याचे तुकडे केले आणि दाराशी जमलेल्या बायकांना वाटले. जिवंतपणी त्या झग्याला ठिगळ मागितलं तर मिळत नव्हतं.

पाद्रीनं लिहिलेलं तिचं पुस्तक लिमाहून छापून आलं. आमच्याकडं जेवताना बोलायचं नसतं, एक जण वाचते आणि बाकीच्या ऐकत जेवतात. तोवर मावशी वारल्या होत्या आणि लिओनोर स्वतः आईसाहेब झाल्या होत्या. मी रस्सा वाढत होते. वाचणारीचा आवाज छान होता.

"ही धन्य भगिनी पाकशाळेत ध्यानमग्न असता सैतान काळ्या स्त्रीचे रूप धारण करून तिच्या चुलीपाशी येई. तो खोकून खोकून तिची माळ मोडी, हंडीतील अन्न मागे, आणि पायांतील नरकाच्या साखळ्या वाजवी. दयेचे सोंग आणून तो तिला थोरांविरुद्ध बोलण्यास उठवी. परंतु तिने धीर सोडला नाही. अखेर हिमाच्या एका पहाटे तो कारंज्यापाशी कोसळला आणि नाहीसा झाला."

मी पळा भांड्यात ठेवून वर बघितलं. आईसाहेब लिओनोर डोळ्यांना रुमाल लावून रडत होत्या. "आमच्याच भिंतींच्या आत हे घडलं," शेजारणीला हळूच म्हणाल्या, "आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता." त्या खोटं रडत नव्हत्या. तेच तर वाईट.

मग तिला संत करायची चौकशी लागली. साक्षी लिहून घ्यायला कारकून आला. प्रश्न आधीच लिहून आणले होते.

"तिच्या अंगाला सुवास यायचा का?"

"कांद्याचा."

त्यानं लिहिलं नाही. "सैतान तिला छळायचा हे तुला ठाऊक आहे का?"

"सैतान न्हवता. पास्क्वाला व्हती. लिवा तिचं नाव. तिला हितं पुरलीया, दावते चला."

"बाई, पास्क्वालाबद्दल प्रश्न नाही." त्यानं एक ओळ खरडली, वाचून दाखवली: या प्रश्नाबाबत साक्षीदार बाईला काही माहिती नाही. खाली आणखी एक ओळ: सही करता येत नसल्यामुळं तिनं सही केली नाही.

"येती की मला सही," मी म्हणाले.

"आता लिहून झालंय," तो म्हणाला. "खोडलं तर कागद बाद होतो."

गुडघे गेले तसं मला फिरत्या फडताळावर बसवलं. भिंतीत लाकडी फडताळ आहे, आतून मिठाई ठेवायची, फिरवायचं, बाहेरची बाई उचलून घेते. तोंड दिसत नाही, आवाज तेवढा येतो. पुस्तक आल्यापासून बदामाच्या वड्यांना गिऱ्हाईक वाढलं होतं.

"आतल्या मावशी," एकदा बाहेरून कुणी विचारलं, "तुमी म्हनं मेलचोरामायला बघितलंया?"

"बघितलंया."

"आन् त्याला? चुलीजवळच्याला? लई काळा व्हता का वो? शिंगं व्हती?"

बाहेर आणखी बायका होत्या, कुजबुज थांबली. मी भिंतीला तोंड लावलं. "शिंगं न्हवती. समोरचा एक दात तुटलेला व्हता, बाईसायबांनी चॉकलेटचं भांडं फेकून मारलं तवाचा. पास्क्वाला नाव तिचं. मक्याची खरवड आवडायची. थंडीनं मारली तिला, आन् तुमच्या मेलचोरामायनं तिच्यासाठी लिवलं ते ह्यांनी असं छापलं."

मग फडताळ फिरलं. वड्या तशाच परत आल्या.

संध्याकाळी आईसाहेबांनी बोलावून घेतलं. ओरडल्या नाहीत. "इलारिया, तू थकलीस," म्हणाल्या, "आणि थकलेल्या माणसात तो आधी शिरतो." मला धुण्याच्या दगडांवर पाठवलं. फडताळावर आता दुसरी बसते, पास्क्वालाच्या जागी आलेली ती पोर. बायका सैतानाचं विचारतात, तेव्हा काय सांगायचं ते तिला पढवून ठेवलंय. साखळ्यांचा आवाज ती तोंडानं काढून दाखवते म्हणे. वड्या दुपारच्या आत संपतात.