बॅकहँडचं रबर

“बॅट दाखवा जी.” हात मिळवण्याआधी दादा समोरच्याला हेच म्हणायचे. टेबल टेनिसमध्ये प्रतिस्पर्ध्याची बॅट पाहायचा हक्क असतो, पण आमच्या ऑफिसांच्या स्पर्धेत तो बजावणारे ते एकटेच. बॅट घेऊन खिडकीपाशी जायचे, दोन्ही बाजूंच्या रबरांवरून अंगठा फिरवायचे, वास घ्यायचे. परत देताना चेहरा असा, की देणाऱ्यालाच वाटावं आपण काहीतरी केलं आहे.

ऑफिसात ते माझ्या शेजारी बसत. शहराच्या टोकाला असलेल्या रांझीहून मोटारसायकलने येत. वयाने मोठे, म्हणून मी दादा म्हणायचो. नवं रबर घ्यायचं झालं की मला दुकानात सोबत नेत, साक्षीदार म्हणून. दुकानदार सीलबंद पाकीट पुढे करायचा. “सील आहे, पर सील लावलं कोणी?” असं मला मराठीत विचारून ते त्याला हिंदीत पाकीट फोडायला लावायचे. मग रबर वाकवून बघ, त्यावर चेंडू टाकून त्याची उसळी बघ. दुकानदाराने एकदा मला हळूच विचारलं, “भैया, ये लड़की देखने भी ऐसे ही गए थे क्या?” मला ठाऊक नव्हतं. वहिनींकडे चौकशी करावी, असं मात्र वाटून गेलं.

मॅचआधी दोघे खेळाडू आपसात चेंडू मारून हात मोकळा करतात, त्याला आम्ही नॉकिंग म्हणतो. तुम्ही पाहिलं असेल, तेव्हा सगळे मोकळेपणाने खेळतात. दादा नाही. ते चांगला फटका मुद्दाम बाहेर घालवायचे. “सगळं आधीच दाखवून द्यायचं, तर मॅच काहून खेळायची?”

निवृत्तीच्या वर्षी ते पहिल्यांदाच फायनलला पोचले. पुढच्या वर्षी संघात जागा मिळणार नव्हती, त्यामुळे ट्रॉफीची ही एकच संधी. समोर दुसऱ्या ऑफिसातला एक जाडसर, हसतमुख माणूस. नॉकिंगमध्ये त्याचा फोरहँड बरा होता, बॅकहँड मात्र प्रत्येक वेळी जाळीत. मी म्हटलं, दादा, सरळ बॅकहँडवर मारा.

“त्याची बॅट पाहिली काय? बॅकहँडच्या बाजूचं रबर मधोमध घासलंय. जो तिकडून मारतच नाही, त्याचं रबर तिथंच काहून झिजलं? लपवून राहिला तो, भाऊ.”

मी त्या माणसालाच विचारून आलो. बॅट भाच्याची आहे, म्हणाला. तसं दादांना सांगितलं.

“भाचा,” दादा एवढंच म्हणाले.

सबंध मॅच त्यांनी चेंडू त्याच्या बॅकहँडपासून लांब ठेवला. म्हणजे नेमका त्याच्या चांगल्या बाजूला दिला, आणि हरले. गुण मी मांडत होतो. त्या माणसाने एकही गुण बॅकहँडने घेतला नव्हता. परतताना मोटारसायकलवर मागे बसून मी हे स्पष्ट सांगितलं. आकडा समोर असताना मला गोड बोलता येत नाही.

“त्याला गरज कुठे पडली?” मान न वळवता दादा म्हणाले.

ऑफिसला विषय मिळाला. चहा आला की कोणीतरी म्हणायचं, “दादा, पहले देख लो, कप भांजे का है.” दादाही हसायचे. मत मात्र बदललं नाही. निरोप समारंभात, गळ्यात हार असताना, त्यांनी मला बाजूला घेतलं. “बाकीच्यांचं सोडा. तुम्ही तरी मानता ना, त्याचा बॅकहँड आहे म्हणून?”

मी म्हटलं, पुरावा नाही.

“बरं,” ते म्हणाले, आणि हार काढून हातात घेतला.

त्याच हिवाळ्यात दादा गेले.

यंदा मी स्पर्धा नुसती बघायला गेलो होतो. टेबलावर तोच हसतमुख माणूस. नॉकिंगमध्ये बॅकहँड पुन्हा जाळीत, आणि प्रत्येक चुकीला हसून “सॉरी जी”. समोरच्या तरुण कारकुनाने मी केला असता तोच हिशोब केला आणि पहिला जोरदार फटका थेट त्याच्या बॅकहँडवर मारला. तो माणूस जरासा सरकला, मनगट फिरवलं, आणि चेंडू त्या तरुणाच्या बाजूने केव्हा निघून गेला ते कोणालाच कळलं नाही. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही.

मी बोलायला म्हणून शेजारी वळलो.

शेजारच्या खुर्चीवर पिशवी होती. पलीकडच्या बाईंनी माझ्याकडे पाहून ती घाईने उचलली. “किसी को बिठाना है क्या, भैया?”

“नहीं,” मी म्हटलं. “रहने दीजिए.”