चौथ्या खणाची फळी

मिस्त्रींचे हात थरथरायला लागले त्याला दोन वर्षं झाली, आणि मागच्या सुतारकामाच्या शेडला कुलूप लागलं त्याला सव्वा. मधले नऊ महिने मिस्त्री सगळ्या जगाशी भांडले. आधी चष्म्याशी, मग चहाच्या कपाशी, मग डॉक्टरांशी. भांडायला कुणी उरलं नाही तेव्हा त्यांनी लाकडाच्या कडा कोरायचा राउटर पुसला, जुन्या चादरीत गुंडाळला आणि शेडची किल्ली खिळ्याला अडकवून टाकली.

त्यांची बायको शिवणकाम करायची. गल्लीत सगळे तिला काकूच म्हणायचे, तर आपणही काकूच म्हणू. काकूंनी आयुष्यभर त्या शेडच्या नावाने बोटं मोडली होती. भुसा स्वयंपाकघरात, भुसा अंथरुणात, गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर भुसा! त्यावर मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं असायचं, "दोन डाव्या बाह्या शिवणारीने बोलू नये." लग्नानंतरच्या पहिल्याच सदऱ्याला काकूंनी दोन्ही बाह्या डाव्या शिवल्या होत्या. माणसं कर्ज विसरतात, उपकार विसरतात, पण नवरा असलं काही विसरेल तर शपथ.

आता घर आरशासारखं लख्ख होतं आणि काकूंना ते खायला उठायचं. शिलाई मशीन थांबलं की कान आपोआप मागच्या दाराकडे जायचे. मिस्त्री काम करताना शीळ घालायचे, तीही बेसूर, एकाच ओळीवर अडकलेली. ती बेसूर शीळ पुन्हा कानावर पडावी म्हणून बाईचा जीव तुटत होता. पण हे सांगायचं कुणाला? लोक हसलेच असते.

त्यात आणखी ते कपाट. दोऱ्याच्या रिळांसाठी एक छोटं कपाट करून देईन, असं मिस्त्रींनी लग्नाच्या पहिल्या वर्षी कबूल केलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो काय खोटा? अख्ख्या गल्लीची कपाटं झाली, काकूंची रिळं मात्र बत्तीस वर्षं बिस्किटांच्या डब्यांत. शेवटी मिस्त्रींनी मनावर घेतलं. एक दिवस सगळे डबे पालथे करून रिळं स्वतः मोजली आणि एका खणात अठ्ठेचाळीस, असे चार खण आखले. तीन खण झाले. चौथ्याच्या दर्शनी फळीला कडेची गोलाई काढायची राहिली आणि तिथेच हातांनी दगा दिला. राउटर म्हणजे दोन्ही हातांत धरून फळीच्या कडेवरून फिरवायचं यंत्र. खाली भरारा फिरणारं पातं. हात जरा हलला की कड कुरतडली म्हणूनच समजा.

उपाय सुचला तो काकूंना. सुया आणायला गेल्या होत्या, तर शेजारच्या हत्यारांच्या दुकानात काचेमागे एक टेबल दिसलं. मधोमध भोक, भोकाखाली राउटर उलटा टांगलेला, नुसतं पातं तेवढं वर डोकावतंय.

"याला राउटर टेबल म्हणतात, काकू," दुकानदार म्हणाला. "यात मशीन जागेवर राहतं, लाकूड सरकवायचं."

"अगंबाई! म्हणजे माझं शिलाई मशीनच की हे. सुई जागेवर, कापड पुढे."

घरी येऊन सांगितलं तर मिस्त्री उसळले. "खेळणं आहे ते! पस्तीस वर्षं मशीन हातात धरलंय मी."

"धरलंत हो. आता धरवत नाही, त्याचं काय?"

बोलून गेल्या आणि काकूंनी जीभ चावली. मिस्त्री दोन दिवस मूग गिळून बसले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चपला घालून दारात उभे राहिले.

"चल. तुझी ती एक फळी करून देतो. मग टेबल, राउटर, सगळं विकून टाकायचं. शब्द दे."

काकूंनी शब्द दिला. दुसरं काय करणार होत्या?

दुकानात तीन टेबलं होती. एक छोटं, बाकावर ठेवायचं, वरचा पत्रा पातळ. दुसरं प्लायवूडचं, गुळगुळीत. तिसरं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, चार पायांवर उभं, भारी वजनाचं. त्यात वरूनच दांडा फिरवून पातं खाली-वर करता यायचं आणि गुडघ्याने दाबून मशीन थांबवता येईल असं मोठं लाल बटण होतं. मिस्त्री पाठ फिरवून पटाश्यांच्या कपाटासमोर उभे राहिले, दोन्ही हात खिशात. गेली दोन वर्षं चारचौघांत हात खिशातच असायचे.

काकूंनी एकेक टेबल शिवण तपासावी तसं तपासलं. भोकाभोवतीची मधली पट्टी जिथे बसते त्या सांध्यावरून नख फिरवलं. छोट्याच्या सांध्यात नख अडकलं. बिडाच्या टेबलावर कुठेच अडकलं नाही. म्हणजे कुठलं घ्यायचं ते काकूंना पहिल्या पाच मिनिटांतच कळलं होतं. पण ते त्यांनी ठरवून काय उपयोग?

"हे छोटंच द्या," त्या मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या. "हलकं आहे, दिसायलाही गोजिरवाणं. फळी काय, कशावरही होईल."

दुकानदार भला माणूस, सांगायला लागला, "काकू, पण हे..." काकूंनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

पटाश्यांपाशी पाठ ताठ झाली. "कशावरही होईल?" मिस्त्री वळलेच. "अगं, टेबल घेतेस की ताट? फळी टेकवली की वाकेल तो पत्रा!" त्यांनी दुकानदाराकडून स्टीलची पट्टी मागून घेतली, पत्र्यावर आडवी ठेवली आणि खालून दिसणारा उजेड बोटाने दाखवला. मग प्लायवूडवर ठेवली, मान हलवली. मग बिडाच्या टेबलावर. उजेड कुठे नव्हता. खात्री करायला त्यांनी पट्टी उचलली आणि पूर्ण तळवा त्या गार बिडावर टेकवला.

थरथर थांबली.

काकूंनी ते पाहिलं. मिस्त्रींनीही पाहिलं. दुसरा हात टेकवला, तोही शांत. म्हातारा त्या टेबलावर दोन्ही हात ठेवून कितीतरी वेळ उभा होता, आणि काकूंना रडू येत होतं म्हणून त्या उगाच पटाश्या बघायला गेल्या.

"हे घेऊ," मिस्त्री म्हणाले. "फळी चांगली तर व्हायला हवी."

टेबल शेडमध्ये आलं. मिस्त्रींनी राउटर बसवला, पात्यामागे लाकूड टेकवायची आडवी पट्टी काटकोन बघायच्या गुण्याने जुळवली. चौथ्या खणाची फळी हातात घेतली. काकू पलीकडून, म्हणजे उजवीकडून, फळी झेलायला उभ्या राहिल्या. मिस्त्रींनी मशीन चालू केलं. सव्वा वर्षांनी शेडमध्ये आवाज झाला आणि काकूंच्या अंगावर काटा आला.

मिस्त्रींनी फळी डावीकडून उजवीकडे सरकवली. पस्तीस वर्षं हातातला राउटर तसाच फिरवला होता. पात्याने फळी हिसकावली, ती सणकन सुटली, काकूंच्या कमरेजवळून गेली आणि मागच्या फडताळावरचा बिस्किटांचा डबा घेऊन खाली पडली. रिळं चारी दिशांना पळाली.

मिस्त्रींनी गुडघ्याने लाल बटण दाबून मशीन बंद केलं. तोंड पांढरंफटक. "लागलं?"

"नाही हो. काही नाही."

"लागलं असतं." ते स्टुलावर बसले, हात पुन्हा थरथरत होते. "हात गेले ते गेले, आता डोकंही गेलं. संपलं सगळं. विकून टाक."

काकू गुडघ्यांवर बसून रिळं वेचायला लागल्या. फळी उचलून पाहिली. कडेला एक छोटा टवका गेला होता, बाकी शाबूत. त्यांनी टेबलाखाली वाकून उलट्या टांगलेल्या राउटरकडे बराच वेळ बघितलं.

"अहो, बाही उलटी केली की काय होतं?"

"आता बाही कुठून काढलीस?"

"डावी बाही उलटी केली की उजवी होते. तुम्हीच तर बत्तीस वर्षं ऐकवताय मला. हे मशीन उलटं टांगलंय. मग डावं-उजवं बदलणार नाही का?"

मिस्त्रींनी हवेत दोन्ही हातांनी राउटर धरल्यासारखं केलं आणि हात उलटे करून पाहिले. जित्याची खोड ती, इतकी साधी गोष्ट हाताने डोक्यापर्यंत पोचूच दिली नव्हती.

"दोन डाव्या बाह्या," ते पुटपुटले.

"झाल्या ना तुमच्याही?"

ते उठले आणि उजवीकडे गेले. काकूंना त्यांनी डावीकडे, पात्यापासून चांगलं हातभर लांब उभं केलं. तळवे फळीवर, फळी बिडावर. या वेळी फळी उजवीकडून डावीकडे गेली, सावकाश, एकसारख्या आवाजात. टवका गोलाईत निघून गेला. काकूंनी टोक झेललं तेव्हा ते कोमट होतं.

दुपारी चौथा खण बसला. मिस्त्रींनी तो तीनदा उघडला, तीनदा मिटला. मग चादर उचलली आणि राउटरकडे न बघता म्हणाले, "झालं तुझं कपाट. शब्द दिलायस. उद्या दुकानदाराला सांग, परत घेतो का विचार."

काकू रिळं लावत होत्या. हात थांबला.

"चार खण पुरत नाहीत हो."

"पुरत नाहीत?"

"रिळं जास्त आहेत. आणखी एक कपाट लागेल."

रिळं होती एकशे एकोणऐंशी. मिस्त्रींनी स्वतः मोजली होती, तेरा जागा रिकाम्या राहणार हेही त्यांना पाठ होतं. ते बायकोकडे बघत राहिले. तिला खोटं बोलता कधी आलंच नव्हतं. कान लाल झाले होते आणि ती एकच रीळ या जागेतून त्या जागेत ठेवत होती.

"म्हणजे शब्द मोडलास म्हण."

"मोडला."

"बरं झालं," मिस्त्री म्हणाले. त्यांनी चादर घडी घालून ठेवली आणि कोपऱ्यातल्या लाकडांच्या ढिगातून एक फळी ओढून तिच्याकडे डोळा बारीक करून बघायला लागले.

शीळ काही घातली नाही त्यांनी. काकू मात्र केसांतला भुसा न झटकता तिथेच बसल्या, त्या बेसूर शिळेची वाट बघत.