शनिवारचा फोटो

छावणीच्या हॉलमध्ये मी इराची बॅग तिसऱ्यांदा भरत होते आणि ती तिसऱ्यांदा रिकामी करत होती. मेतकुटाची पिशवी बाहेर, लोकरीचे मोजे बाहेर, आणि त्यांच्या जागी कॉलेजच्या टीमचा निळा-पिवळा झेंडा, नीट घडी घातलेला. "आई, बाकी सगळं तिथे मिळतं गं. हा मिळत नाही," ती म्हणाली. अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये वाढलेली आणि इथेच शिकलेली मुलगी, फुटबॉलपुढे माझ्या मेतकुटाचं काय चालणार? मी चडफडत पिशवी तिच्या जॅकेटच्या खिशात कोंबली. बँड वाजत होता, लहान मुलं बापांच्या बुटांवर बसली होती, आणि माझी मुलगी, अमेरिकन सैन्यातली लेफ्टनंट इरा, आपल्या तीसएक सैनिकांची मोजणी करायला निघून गेली. कुठल्या देशात चालली आहे हे सांगायची तिला परवानगी नव्हती.

तीस वर्षांपूर्वी मी कराडहून इकडे यायला निघाले तेव्हा आई एवढंच म्हणाली होती, "पोचलीस की कळव." माझं पत्र तिला मिळायला तीन आठवडे लागले, आणि तोवर तिने म्हणे रोज पोस्टमनला अडवलं. मला तेव्हा तिचं हसू आलं होतं. इराचा मेसेज दोन दिवसांत आला, एकाच शब्दाचा: पोचले. कुठे, ते मी विचारलं नाही.

दादा, वहिनी, तुम्ही दर रविवारी फोनवर विचारता, इरा कशी आहे आणि तू कधी येतेस. फोनवर मला धड सांगता येत नाही, म्हणून हे लिहिते आहे. ज्यांची मुलं इकडे वाढून अशीच कुठे कुठे गेली, त्यांनीही वाचलं तर बरं.

इथे सप्टेंबरपासून शनिवारी कॉलेजचा फुटबॉल असतो, चेंडू हातात धरून पळायचा अमेरिकन फुटबॉल, आणि गावाला दुसरं काही सुचत नाही. तीस वर्षं राहून मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण इराचा शनिवारचा फोटो मी कधी चुकवला नाही. मॅचच्या आधी ती आणि तिची माणसं झेंडा धरून उभी राहायची आणि फोटो पाठवायची. त्यात कोडी नावाचा एक मुलगा असे, शेजारच्या ओहायो राज्यातला. ओहायो म्हणजे आमच्या टीमचे जन्माचे वैरी. तो आपला लाल झेंडा घेऊन कोपऱ्यात घुसायचा आणि आमच्या झेंड्याकडे पाठ करून उभा राहायचा. मेतकूट त्यानेच संपवलं, असं इराने लिहिलं. भातावर घालून खातो आणि वर आमच्या टीमला शिव्या देतो. मला तो मुलगा आवडायला लागला.

माझं काम हॉस्पिटलच्या लॅबमधलं. दिवसभर मायक्रोस्कोपखाली पेशी बघायच्या, आधीच्या स्लाइडपेक्षा आज काय बदललं ते शोधायचं. ती खोड घरी आल्यावरही जात नाही. पहिल्या फोटोत सगळे टी-शर्टमध्ये होते, मागे मोकळं मैदान. तिसऱ्या फोटोत मागे वाळूच्या पोत्यांची भिंत. ऑक्टोबरमध्ये ती भिंत खिडकीच्या वर गेली. मग डोक्यावर हेल्मेटं आली. मग खिडकीच नसलेली खोली, आणि झेंडा धरणारे हसत होते पण कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. "यार, तू फोटो बघतेस की बायोप्सी?" माझा नवरा अजित म्हणाला. दोघं हसलो. पण त्यानंतर तोही माझ्या हातून फोन घेऊन झूम करायला लागला.

ओहायोशी मॅच होती त्या शनिवारी फोटो आला नाही.

दुपारी तुकडीतल्या घरच्यांच्या ग्रुपवर टेक्सासच्या एका बाईने लिहिलं, तिकडचे सगळे फोन आणि इंटरनेट बंद केलेत. अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. तुकडीतलं कुणी गेलं की त्याच्या घरी निरोप पोचेपर्यंत बाकीच्यांना बाहेर बोलू देत नाहीत. तो निरोप फोनवर देत नाहीत. गणवेशातली दोन माणसं दारात येतात आणि बेल वाजवतात.

आम्ही पुढच्या खोलीत बसून राहिलो. स्टेडियमचा गलका घरापर्यंत येत होता. मी देवाला सारखी म्हणत होते, आमच्याकडे नको. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की आमच्याकडे नको म्हणजे त्या तीस घरांतल्या दुसऱ्या कुणाकडे तरी जा. लाज वाटली, पण म्हणायची थांबले नाही.

रविवारी दुपारी बेल वाजली. अजितला खुर्चीतून उठताच येईना. दार मी उघडलं. समोर जोशी काकू, हातात डबा. सत्तरी ओलांडलेली बाई, न कळवता कुणाकडेही जाणारी इथली एकटीच. "अगं, भरीत केलं होतं, म्हटलं अजितला आवडतं," त्या म्हणाल्या, आणि मी त्यांच्या तोंडावर दार लावलं. मग दाराला पाठ टेकून तिथेच फरशीवर बसले. काकूंना खरं कळलं तेव्हा त्याच रडल्या. आता आमच्याकडे येणारा प्रत्येक जण आधी मेसेज करतो: मी येतोय, बेल मीच वाजवणार आहे.

सोमवारी इराचा मेसेज आला, "आई, मी ठीक आहे." मी ओक्साबोक्शी रडले. अजितने आमटी गरम केली आणि आम्ही दोन दिवसांनी जेवलो.

पुढच्या शनिवारी फोटो आला. त्यात आमचा झेंडा नव्हताच. इरा आणि तिची माणसं लाल झेंडा धरून उभी होती, चौघांच्या हातात चार कोपरे. कोडी नव्हता. मी झूम केलं नाही. खाली इराने लिहिलं होतं, "आई, तू त्याच्या आईकडे जाशील?"

तीन तास ड्राइव्ह करून मी आणि अजित ओहायोला गेलो. वाटभर मला एकच भीती, त्या घराची बेल मी कशी वाजवू. वाजवावी लागली नाही. बेलवर कुणीतरी चिकटपट्टी लावली होती, आणि एवढ्या थंडीत दार सताड उघडं होतं. शेजारी, पाद्री, कोडीचे कॉलेजचे मित्र, ज्याला यायचं तो सरळ आत जात होता, आपल्या कराडच्या घरी जातात तसा. या देशात असं उघडं दार मी पहिल्यांदा पाहिलं.

मी इराची आई, असं सांगितल्यावर कोडीच्या आईने माझा हात धरला. "तुझी मुलगी अजून तिथेच आहे?" तिने विचारलं. मी हो म्हटलं.

"मग तू इथे थांबू नकोस," ती म्हणाली. "घरी जा."

दादा, म्हणून या हिवाळ्यात कराडला ये असा आग्रह करू नका. इतकी वर्षं घर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तुमचं अंगण यायचं. आता घर म्हणजे इराने सैन्याच्या फॉर्मवर लिहिलेला पत्ता. ती दोन माणसं आलीच, तर त्यांना दार उघडायला मी इथे असायला हवी. तिचे अजून पाच महिने आहेत.