पिवळा रंग टाळावा

६ जून. शाळा उघडायला आठवडा राहिला होता आणि मी सकाळपासून गणवेशाच्या बाह्या कापत होते. कापड बेतायच्या कागदी फर्म्यांच्या गठ्ठ्यातून बाईंचा जुना फर्मा निघाला. गुळगुळीत कागद, बाही खांद्याला जोडायच्या मुंढ्याच्या वळणावर कुणा गोऱ्या मुलीचा अर्धा गाल, आणि खाली छापलेलं : ‘सावळ्या मुलींनी पिवळा रंग टाळावा.’

कळंबला एसटी स्टँडच्या मागं बाईंचा शिवणक्लास होता. शहरातल्या मुलींसाठी निघणारी फॅशनची मासिकं त्या रद्दीच्या दुकानातून उचलून आणायच्या, म्हणून सगळे त्यांना पुस्तकवाल्या बाई म्हणत. आम्ही दहावीच्या पोरी त्या मासिकांवर तुटून पडायचो. बाई अडवत नसत. फक्त गोरं कसं व्हावं, कुठला रंग टाळावा, असली पानं आधीच फाडून घेत आणि त्यांचे बाह्यांचे फर्मे कापत. म्हणायच्या, “कागदाला लई दम हाय, मजकुराला न्हाय.”

एकदा मी त्यांना न विचारता मासिकात छापलेल्या मापावर कुर्ता बेतला. तो डोक्यातून खाली उतरेना. मी रडकुंडीला आले, तर बाईंनी त्या चित्रातल्या मुलीवर टेप धरली. “हिला सोयाबीन काढायला न्ह्या. दुपारपत्तुर मोडंल ही. पोरी, अंग चुकत न्हाय, माप चुकतं. उसव आन् परत बेत.” मी तीनदा उसवलं.

मग आत्याला माझ्या दप्तरात मासिक सापडलं. आत्या आमच्याकडंच राहायची आणि घरात तिचाच शब्द चालायचा. वडिलांनी क्लास बंद केला. तिसऱ्या दिवशी बाई स्वतः घरी आल्या, चपला काढल्या आणि थेट स्वयंपाकघरात आल्या. आत्या चुलीपाशी होती, मासिक बाजूला पडलेलं.

“असल्या पुस्तकांनी पोरी बिघडत्यात, बाई. जाळणार हाय मी हे.”

“जाळा की. परवा लग्नात घातलंत ते ब्लाउजबी आणा, संगंच जाळू.”

“त्यानं काय केलं?”

“त्याची बाही म्या असल्याच पुस्तकाच्या पानावर बेतलीया. चार बायांनी इचारलं न्हवं, कुणाकडनं शिवलं म्हणून? तुमी बिघडलाव का?”

दारात उभे असलेले वडील खोकले. “उद्यापासून जाऊ दे तिला,” एवढंच म्हणाले आणि बाहेर गेले. माझं आजचं दुकान त्या एका वाक्यावर उभं आहे.

बाई मागच्या हिवाळ्यात गेल्या. मी रडत बसले नाही, लग्नसराई होती. त्यांच्या सुनेनं फर्म्यांचा गठ्ठा माझ्याकडं पाठवून दिला. तिला ती रद्दी वाटत होती.

फर्मा सापडला त्याच दुपारी नववीतली एक पोरगी आईबरोबर आली. कापडं दोन : एक राखाडी, एक हळदीसारखं पिवळं. पोरीनं मोबाइलवर पिवळ्या ड्रेसचं चित्र दाखवलं. मासिकं आता तिथंच निघतात.

आई म्हणाली, “ताई, राखाडीच शिवा. हिचा रंग बघा की. पिवळ्यात लोक हसतील.”

पोरगी मोबाइल बंद करून खाली बघत राहिली. मापं घेतानाही तिनं मान वर केली नाही.

“हसणाऱ्यांना माझ्याकडं पाठवा,” मी म्हटलं. “दोन्ही कापडं ठेवून जा.”

आई कुरकुरली, पण ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच शटर उघडलं. राखाडी कापड घडी करून फळीवर टाकलं. पिवळं कापायच्या टेबलावर पसरलं, त्यावर बाईंचा फर्मा ठेवला, छापील बाजू वर. पोरीच्या मापानं मुंढा अर्धा इंच वाढवला, ‘पिवळा रंग टाळावा’ या ओळीच्या कडेनं खडू फिरवला आणि कात्री लावली.