काचेपुढे उभी ताई

मंगळवारी सकाळी ताई गेली. सायलीचा, म्हणजे माझ्या भाचीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला जायला अल्बनीहून ऑकलंड शहरात जाणाऱ्या बसमध्ये होतो. "मामा, मम्मी गेली," ती म्हणाली. सायली इथेच जन्मलेली. मराठी सगळं समजतं, पण उत्तर नेहमी इंग्रजीत. हे मात्र तिनं मराठीत सांगितलं. मी पुढच्या स्टॉपवर उतरलो आणि तिथल्या बाकावर बसून राहिलो.

त्याला आता दीड महिना होईल. भेटायला येणारे ताईच्या बोलण्याच्या आठवणी काढतात. ती नागपूरची नर्स. ऑकलंडच्याच हेन्डरसन भागातल्या एका वृद्धाश्रमात तिनं नोकरी केली, पण बोलणं शेवटपर्यंत आमच्या मोहल्ल्यातलंच राहिलं. "काहून रे, पुस्तकं खाऊनच पोट भरतं का तुझं?" म्हणत दर शनिवारी ती मला जेवायला ओढून न्यायची. घरी नाही, हेन्डरसन स्टेशनजवळच्या एका फिलिपिनो खानावळीत. सोबतच्या फिलिपिनो नर्सनी तिला ती जागा दाखवली होती. मोजकी टेबलं, भिंतीवर सतत चालू असलेला टीव्ही, आणि काचेमागे वाफाळणारे पदार्थ. मेन्यूकार्ड नाही. रांगेत उभं राहायचं, हवं त्याकडे बोट दाखवायचं, की आतली बाई ते भातावर वाढते. त्यांच्याकडच्या साध्या खानावळींची रीतच ती.

ताईचं मात्र नुसत्या बोटावर भागत नसे. "लिझा, दॅट वन. लिटल मोअर... अगं, वाढ नं बाई, भाऊ आहे माझा!" मालकीण लिझाला मराठी कळायचं कारण नव्हतं, तरी ती हसत आणखी एक पळी वाढायची. मला काय हवं हे ताईनं कधी विचारलं नाही. चिंचेच्या आंबट रश्श्यातला मासा, शेंगदाण्याच्या दाट रश्श्यातली वांगी, बाजूला आपल्या सुकटीच्या चटणीची आठवण करून देणारं काहीतरी खारट. मी कुरकुरलो तर म्हणायची, "खाऊन तं पाह्य. कारलंबी तुले मीच खायला शिकवलं." ते खरंच होतं. लहानपणी आई कामावर जायची तेव्हा मला ताईच वाढायची, आणि ते वाढणं तिनं पुढे कधी सोडलंच नाही. पन्नाशी उलटल्यावरही माझं ताट तिच्या मर्जीनं भरायचं...

मग मागच्या वर्षी तिला स्ट्रोक आला. चालणं पुष्कळसं परत आलं. बोलणं आलं नाही. समजत सगळं होतं, शब्द तेवढे निघत नव्हते. थेरपिस्टनं चित्रांची कार्डं दिली होती, पाण्याचं, चहाचं, भाताचं. मी आणि सायली ती तिच्यापुढे धरायचो. भात हवा? पोळी हवी? ती मान फिरवायची. एकदा तिनं सगळी कार्डं लोटून दिली. येणारे-जाणारे तिच्याशी मोठ्यानं, एकेक शब्द तोडून बोलत, तान्ह्या मुलाशी बोलावं तसं. हळूहळू तिनं जेवणच कमी केलं. दोन घास खाऊन ताट सरकवायची. असंच चाललं तर ती आपल्या हाती लागणार नाही, हे आम्हा दोघांना कळत होतं.

"मामा, लेट्स जस्ट टेक हर टू लिझाज्," सायली एका शनिवारी म्हणाली. मला धास्ती वाटत होती. आत शिरताच मी पुढे झालो आणि लिझाला सांगू लागलो, "शी कान्ट स्पीक नाऊ, सो आय विल..." वाक्य पुरं झालं नाही. ताईनं डाव्या हातानं माझी बाही धरून मला मागे ओढलं आणि स्वतः काचेपाशी जाऊन उभी राहिली. लिझानं पळी उचलली. "येस, मॅम?" एवढंच म्हणाली. ताईनं काचेवर बोट ठेवलं. हे. मग ते. मग वळून सायलीकडे पाहिलं आणि तळलेल्या रोलकडे बोट नेलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि शेंगदाण्याच्या रश्श्याकडे. लिझानं एक पळी वाढली. बोट हललं नाही. लिझानं आणखी एक वाढली. बोट तिथंच. "युवर ब्रदर विल बर्स्ट, मॅम!" लिझा म्हणाली, आणि ताई हसली... स्ट्रोकनंतर पहिल्यांदा, आवाज करून.

आमच्या पुढची माणसं बोट दाखवत होती, मागचीही तेच करणार होती. त्या काचेपुढे ताई आजारी दिसत नव्हती. त्या दिवशी ती पोटभर जेवली, माझ्या ताटात काय उरलंय यावर नजर ठेवत जेवली. घरी आल्यावर सायलीनं कार्डं कपाटात टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून भाजी-वरणाची पातेली झाकणं काढून ओट्यावर मांडू लागली. कुणाला काय, किती वाढायचं ते ताई दाखवायची. तिचं जेवण परत आलं. ते शेवटच्या आठवड्यापर्यंत टिकलं.

तिचा आवाज कुठे सापडतो का म्हणून मी फोन धुंडाळला. ताई कधी व्हॉइस मेसेज ठेवतच नसे, उचलेपर्यंत पुन्हा पुन्हा फोन लावायची.

ताईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतरच्या शनिवारी मी आणि सायली लिझाकडे गेलो. लिझा अंत्यविधीला येऊन गेली होती, त्यामुळे सांगण्यासारखं काही नव्हतं. सायलीनं तिचं घेतलं. माझी पाळी आली, आणि मला काय हवंय ते मला सांगता येईना. इतकी वर्षं तिथं जेवलो, पण एकदाही स्वतः निवडलं नव्हतं. मागे रांग थांबली होती. शेवटी समोर जे दिसलं त्याकडे बोट दाखवलं. लिझानं एक पळी वाढली आणि माझ्याकडे पाहत थांबली. मी मान हलवली, पुरे.

आम्ही अजून शनिवारी तिथं जातो. सायली तिचं घेते, मी माझं घेतो. माझ्यासाठी आणखी वाढ म्हणणारं आता कुणी नाही.